चारोळीचं भाडं

सिंदेवाहीच्या बस स्टँडबाहेर ज्या जीपा लागायच्या, त्यांच्या ड्रायव्हरांत नूर मोहम्मदइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. आणि गंमत बघा, भित्रा म्हणूनच त्याचा धंदा चालायचा. बाकीचे पोट्टे टेप लावून जंगलातून भन्नाट सुटायचे. नूरभाऊ वळण आलं की हॉर्न, वळण गेलं की पुन्हा हॉर्न, समोर बकरी दिसली की गाडीच उभी. तरणे प्रवासी वैतागायचे, "भाऊ, उतरून ढकलू का?" म्हणून चिडवायचे. पण लेकुरवाळ्या बाया, म्हातारे, नुकते टाके घातलेली माणसं बाकीच्या जीपा सोडून त्याचीच वाट बघत थांबायची.

त्याच्या भिण्याला काही धरबंध नव्हता. विजेला भ्यायचा, सुईला भ्यायचा, बायकोच्या थोरल्या भावाला भ्यायचा, आणि सगळ्यांत जास्त भ्यायचा तो सरकारी टेबलाला. टेबलामागचा माणूस नुसता "नाव?" म्हणाला तरी याच्या जिभेला कोरड पडायची. या भीतीपायीच जीपचं टॅक्सी परमिट राहून गेलं. चंद्रपूरला जायचं, रांगेत उभं राहायचं, साहेबासमोर बोलायचं! नको रे बावा. जीप घरची गाडी म्हणून पास झाली, पांढऱ्या नंबरप्लेटवर, आणि चालायची मात्र भाड्यानं. एकटा तोच नाही, स्टँडवरच्या निम्म्याअधिक जीपा तशाच होत्या. नाक्यावर पोलिसानं अडवलं की आतली सगळी माणसं एका सुरात सांगायची, "पाव्हणे आहोत साहेब, लग्नाले चाललो." बाराही महिने लग्नं चालायची त्या रस्त्यावर. पोलिसांनाही ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं प्रवाशांनाही ठाऊक होतं.

इन्शुरन्सच्या बाबतीत मात्र नूरभाऊ सगळ्यांच्या वरचढ. बाकीचे ड्रायव्हर फक्त 'थर्ड' काढायचे, पोलिसाला दाखवण्यापुरती. यानं भीतीपोटी 'फुल' काढली होती. चंदन नावाचा एजंट होता, झेरॉक्सच्या दुकानात बसून पॉलिस्या विकायचा. तो म्हणाला होता, "नूरभाऊ, तुही फुल आहे. आता काई झालं तरी बिनधास्त राह्य." हे वाक्य नूरभाऊनं ताइतासारखं जपलं. फुल म्हणजे काय, त्यात कोण बसतं, कोण बसत नाही, हे विचारायचं त्याला सुचलंही नाही.

सन दोन हजार तीनचा उन्हाळा. एका दुपारी जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, इसरू धापा टाकत स्टँडवर आला. त्याची बायको मंगली सकाळपासून अडली होती, त्याची आई सुकरीबाई तिला बैलगाडीतून सिंदेवाहीपर्यंत घेऊन आली होती. तिथल्या दवाखान्यात नर्सबाईनं पोटावर हात ठेवला होता आणि म्हणाली होती, इथं थांबू नका, ब्रह्मपुरीला न्या. बाकीचे ड्रायव्हर इकडंतिकडं बघायला लागले. गाडीत काही बरंवाईट झालं तर काय घ्या! नूरभाऊ तर दोन पावलं मागंच सरकला. पण बैलगाडीत कण्हणाऱ्या मंगलीचा चेहरा बघून तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. इसरूनं भाड्याचं विचारलं, तर उलट त्याच्यावरच ओरडला, "भाडं काऊन विचारते बे? बस पहले!"

पोरगी झाली. आई-लेक दोघी सुखरूप. नूरभाऊ बाहेर लिंबाखाली उकिडवा बसून होता. इसरूनं येऊन सांगितलं तेव्हा याच्याच डोळ्यांना धारा लागल्या. "या अल्लाह, या अल्लाह" एवढंच म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इसरू मंगलीजवळ थांबला आणि सुकरीबाई घरी परत निघाली. घरी कोंबड्या, बकऱ्या, पिण्याचं पाणी, सगळं तसंच पडलं होतं. जीपमध्ये ती एकटीच, नूरभाऊच्या शेजारी. निघताना तिनं कमरेचं गाठोडं सोडलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. चारोळी होती. रानातून वेचलेली, फोडून सोललेली, स्वच्छ निवडलेली. औषधाला पैसे लागले तर बाजारात विकू म्हणून घरून उचलून आणली होती, पण विकायची वेळ आली नाही.

"हे काय, सुकरीबाई?"

"तुह्या शाजियाले."

शाजिया म्हणजे नूरभाऊची लेक. तो म्हणाला, "नाई नाई, घरी ने. बाळंतिणीले लाडू कराले लागन."

सुकरीबाईनं दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला. "मंग मी उतरते इथीच. पायदळ जाईन. आमच्यात रिकाम्या हातानं कोनाच्या गाडीत बसत नाई, कोनाच्या दारातबी जात नाई. मी भिकारीन होय का?"

तिच्याशी कोण भांडणार? नूरभाऊनं हात जोडले, गाठोडं घेतलं. दोघं हसली आणि जीप निघाली.

नागभीड मागं पडलं, जंगल सुरू झालं. नूरभाऊ नेहमीसारखाच हळू चालला होता, हे लिहून ठेवा. डाव्या बाजूनं रानडुकरांचा अख्खा कळप एकदम रस्त्यावर आला. त्यानं स्टिअरिंग ओढलं, चाक डांबरावरून उतरलं, आणि जीप धडाधड उतारावरून जाऊन खालच्या शेतात, धानाच्या बांधीत आडवी झाली. मग सगळं चिडीचूप. चारोळीचे दाणे सगळीकडं उडाले होते, त्याच्या केसांत, सीटच्या फटींत, सुकरीबाईच्या लुगड्यावर. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं. तिनं मात्र हूं की चूं केलं नाही. नुसती म्हणाली, "नूरभाऊ, माहा पाय मले दिसून नाई राह्यला."

मांडीचं हाड मोडलं होतं. चंद्रपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वर्ष जाईल, आणि डोंगर चढून मोह-चारोळी वेचायचं आता विसरा. ते ऐकून इसरू भिंतीला टेकून खाली बसला. आईच्या वेचण्यावर त्यांचं अर्धं घर चालायचं.

पोलिसांनी पंचनामा केला, केस लागली. वकिलानं इसरूला सांगितलं, चंद्रपूरच्या कोर्टात भरपाईचा दावा टाक. इसरूनं नूरभाऊचे पाय धरले, "भाऊ, तुह्यावर नाई टाकत. कंपनीवर टाकून राह्यलो." नूरभाऊ म्हणाला, टाक बावा, टाक, माही फुल आहे. आणि त्याच भरवशावर तो चंदनच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला.

चंदननं पॉलिसी उलटीपालटी केली, डोकं खाजवलं, आणि पहिल्यांदाच सगळं फोडून सांगितलं. ते आधी का नाही सांगितलं, हे त्याच्या तोंडावर मारून विचारायला पाहिजे होतं. पण आपला नूरभाऊ, तो कशाला विचारतो!

"पाह्य भाऊ," चंदन म्हणाला, "थर्ड म्हंजे रस्त्यावरचा मानूस. तुह्या गाडीनं कोनाले उडवलं, कोनाची सायकल मोडली, ते थर्ड भरते. तुह्या गाडीचं नाई, गाडीतल्याचं नाई. फुल काढली म्हंजे तुह्या गाडीचंबी नुकसान आलं त्यात. ड्रायव्हरचा थोडा विमा वेगळा असते, तो तुले लागलं तर."

"आनि आत बसला असन त्याचं?"

"तेच तर सांगून राह्यलो. तुही घरची गाडी. घरचा मानूस, पाव्हणा, शेजारी फुकट बसला, तर फुलमध्ये त्याचंबी कंपनी भरते. पन भाडं देऊन बसला, की गाडी टॅक्सी झाली. टॅक्सीची पॉलिसी वेगळी, परमिट वेगळं. मंग कंपनी हात वर करते. त्या मानसाचं तूच भरायचं, न तुह्या गाडीचंबी काई भेटत नाई."

नूरभाऊच्या तोंडचं पाणी पळालं. "मी त्या दिवशी भाडं नाई घेतलं, चंदनभाऊ. कुरान उचलतो."

"मंग झालं तर! काऊन घाबरते?"

नूरभाऊ दारापर्यंत गेला आणि परत आला. आवाज खाली करून म्हणाला, "समजा... कोनी पैसे नाई देल्ले. कोंबडी देल्ली. ते भाडं होते का?"

चंदन हसला. त्याला वाटलं, भित्रा माणूस उगाच फाटे फोडतोय. "कंपनीले कोंबडी काय न नोट काय, सारखीच. काई घेतलं म्हंजे घेतलं."

बस. त्या वाक्यानं नूरभाऊच्या काळजाचं पाणी पाणी केलं.

पुढचे दिवस त्यानं कसे काढले, ते त्याची बायको कनीजच जाणे. समोर ठेवलेली भाकरी तशीच वाळायची. दारावर कुणी थाप मारली की तो आतल्या खोलीत. त्याला दिसायचं ते एकच: कोर्टाचा माणूस आलाय, जीप ओढून नेतोय, घराला कुलूप लावतोय, कनीज आणि शाजिया रस्त्यावर उभ्या आहेत. आणि त्याहून वाईट म्हणजे, एवढं सगळं विकूनही सुकरीबाईच्या पायाची भरपाई होत नाहीये. कनीजनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं चारोळीचं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "मूठभर चारोळीनं घर बुडते का कुठी? जाऊन सांगा त्या बाईले, काई देल्लं नाई म्हनाव. एवढं तर करन तुमच्यासाठी!"

त्यात कंपनीचा तपासनीस आला. नागपूरचा, चष्मेवाला, थंड आवाजाचा. गॅरेजमध्ये उभ्या जीपभोवती फिरला, दारात वाकला, आणि सीटच्या फटीतून दोन बोटांनी काहीतरी उचलून तळहातावर घेतलं.

"ही चारोळी कुणाची?"

नूरभाऊ उगाच जीपचा आरसा पुसायला लागला.

"तुमच्या गाडीत रोजच पाव्हणे असतात म्हणे," तपासनीस म्हणाला. "नाक्यावर विचारून आलोय मी. उद्या दवाखान्यात त्या बाईंचा जबाब घेतो. तुम्हीही या."

आता सांगा, इतक्या वर्षांत एकदाच, अगदी एकदाच ते 'पाव्हणे आहोत'चं वाक्य खरं होतं. गाडीत खरोखर भाडं न देणारं माणूस बसलं होतं. आणि नेमकं त्याच दिवशी कुणी विश्वास ठेवणार नव्हतं.

नूरभाऊ त्याच दिवशी एसटीनं चंद्रपूर गाठून दवाखान्यात गेला. सुकरीबाई खाटेवर, पाय उशांवर उंच ठेवलेला, नात पोटाशी. मंगली शेजारी बसली होती. त्यानं आधी पोरीला बघितलं, मग छताला बघितलं, मग कसंबसं बोलला. "सुकरीबाई, उद्या साहेब येनार. तो विचारन, काई देल्लं होतं का म्हून. तू... नाई म्हनशीन?"

"काऊन?"

त्यानं फुल, थर्ड, पाव्हणा, भाडं, सगळं अडखळत सांगितलं. ती ऐकत राहिली. तिला सगळं समजलं, चांगलं समजलं. आणि तिचं तोंड लाल झालं.

"म्हंजे मी चार लोकांत सांगू का मी फुकट बसली? रिकाम्या हातानं?"

"माहं घर जाते, बाई."

"मले भिकारीन म्हनून राह्यला तू. ह्या पोरीच्या समोर." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "जाय इथून."

तो गेला. जिना तो कठडा धरून उतरला. उद्या ही बाई खरं सांगणार, आणि आपण संपलो.

दुसऱ्या दिवशी तपासनीस खाटेशी स्टुलावर बसला. इसरू आणि मंगली उशाशी, नात सुकरीबाईच्या कुशीत, नूरभाऊ पायथ्याशी, खाटेचा गज घट्ट धरून. त्याच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. आधी नाव-गाव झालं, डुकरांचं झालं, गाडी किती जोरात होती ते झालं. "बैलगाडी यापेक्षा जोरानं जाते," सुकरीबाई म्हणाली, आणि शेजारच्या खाटेवरची पेशंट हसली.

मग तपासनिसानं पेन थांबवलं. "बाई, या ड्रायव्हरला तुम्ही भाडं म्हणून काही दिलं का? पैसे, धान्य, काहीही?"

सुकरीबाईनं नूरभाऊकडं पाहिलं. त्याचा पांढराफटक चेहरा, त्याचे थरथरणारे हात, सगळं पाहिलं. मग खाली नातीकडं बघत, अगदी लहान आवाजात म्हणाली, "नाई साहेब. काईच नाई देल्लं. मी फुकटच बसली."

आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हाड मोडलं तेव्हा आलं नव्हतं, सळई घातली तेव्हा आलं नव्हतं. मान ताठ ठेवून जगलेली ती बाई, वॉर्डभर माणसांसमोर, सुनेसमोर, पोरासमोर फुकटी ठरली. इसरूनं मान खाली घातली. मंगलीनं पदर तोंडावर घेतला.

तपासनीस लिहायला वाकला. नूरभाऊ वाचला होता! घर, जीप, सगळं वाचलं होतं. त्यानं फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तर त्याला जन्मभर जमत आलं होतं.

"नाई साहेब!"

आपलाच आवाज ऐकून तो दचकला. "खोटं सांगून राह्यली ते. देल्ली. चारोळी देल्ली तिनं मले, गाठोडंभर. तुमाले भेटली ना गाडीत, तेच ते. ते कोनाच्या गाडीत फुकट बसत नाई. लिहा तुमी. तिनं देल्ली, न मी घेतली."

बोलून झालं. तो तिथंच खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसला. आता काय व्हायचं ते होवो, असं शूर माणसाला वाटत असेल. याला तसं काही वाटलं नाही. याला फक्त प्रचंड भीती वाटली, पहिल्यापेक्षाही जास्त.

सुकरीबाई भडकली. "अरे येडा हाय का तू? मी तुह्यासाठी नाक कापून घेतलं, न तू..."

"थांबा, थांबा," तपासनीस म्हणाला. त्यानं चष्मा काढला. "तुम्ही मागितली होती?"

"नाई."

"बसण्याआधी ठरलं होतं? की इतकी चारोळी दे, मग नेतो?"

यावर नूरभाऊ काही बोलायच्या आत सुकरीबाईच कडाडली. "साहेब, हा तर घेतच नोता! मी उतराले निघाली तवा घेतली. न याले नाईच देल्ली मी, याच्या शाजियाले देल्ली. मले नात झाली, हा होता म्हून झाली. त्या घरी काई नाई पाठवाचं मी? भाडं पायजे असतं तर भाडं देल्लं असतं. रोज देतो आमी भाडं, बाजाराले जातो तवा!"

आता घ्या! 'रोज देतो भाडं' हेही सांगून टाकलं बाईनं. नूरभाऊनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. तपासनिसानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"इतक्या वर्षांत," तो म्हणाला, "दोघंही स्वतःचं नुकसान करायला भांडतायत, असा जबाब मी घेतला नव्हता. ज्या फेरीत अपघात झाला त्या फेरीचं मी लिहितो. मागितलं नाही, ठरलं नाही, नातीच्या आनंदात दिलं. माझ्या मते हे भाडं नव्हे. मात्र निर्णय माझ्या हातात नाही. रोजचं काय ते बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी मीच तुमच्या विरोधात उभा राहीन."

तो गेला. नूरभाऊ फरशीवरून उठेना, तेव्हा इसरूनं त्याला काखेत हात घालून उठवलं. सुकरीबाई त्याच्याकडं बघेना. पण मंगलीनं पोरगी उचलली आणि न विचारता त्याच्या हातात दिली, आणि ती पडू नये म्हणून त्याला आपलं थरथरणं थांबवावंच लागलं.

निकाल लागायला पुढं पुष्कळ दिवस गेले, आणि त्यातला प्रत्येक दिवस नूरभाऊ भ्याला. कंपनीच्या वकिलानं चारोळीचा बराच कीस काढला. शेवटी कोर्टानं ते भाडं नाही असं म्हटलं आणि सुकरीबाईच्या पायाची भरपाई कंपनीनं द्यावी असा हुकूम झाला. जीपचंही मिळालं, रबर-प्लॅस्टिकचं, जुन्या पार्टचं कापून. फुलमध्येही सगळं फुल नसतं, हे त्याला तेव्हा कळलं.

त्यानंतर तो एकटा चंद्रपूरला गेला. रांगेत उभा राहिला. टेबलामागच्या माणसानं "नाव?" विचारलं, आणि याच्या जिभेला नेहमीसारखीच कोरड पडली. पण नाव सांगितलं. परमिट घेतलं, नंबरप्लेट पिवळी केली, आत बसणाऱ्यांसकटची पॉलिसी काढली. स्टँडवरचे पोट्टे हसले, हसू दे. त्याच्या जीपमधल्या माणसांना आता लग्नाला जायची गरज उरली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस सुकरीबाई काठी टेकत स्टँडवर आली. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. त्याच्या जीपजवळ येऊन उभी राहिली, कमरेचा बटवा काढला, भाडं मोजून त्याच्या हातात ठेवलं. त्यानं निमूट घेतलं. मग तिनं काठी दाराला टेकवली, पदराखालून एक गाठोडं काढलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

नूरभाऊचे हात आपोआप मागं गेले. त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, कुणी चष्मेवाला दिसतो का ते.

"काय पाहून राह्यला?" सुकरीबाई म्हणाली. "पोरानं वेचली औंदा. ते भाडं होतं. हे शाजियाले."

त्यानं गाठोडं उचललं. आणि मागच्या सीटवरच्या सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "सुकरीबाईनं देल्ली हो, चारोळी. सुकरीबाईनं!"

"बरं बरं, समजलं सगळ्याईले," ती म्हणाली, आणि दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून त्याच्या शेजारी येऊन बसली.